पुयीला बंद पडलेली बस

पॅरिसहून दिजाँकडे जाताना ए-६ हायवेवर ‘पुयी-आँ-ओक्सुआ’ अशी पाटी लागते. टूर मॅनेजर म्हणून कितीदा तरी ती पाटी बघत गेलोय. तिथे उतरायचं कधी मनातही आलं नाही. गेल्या मे महिन्यात इंजिनचा लाल दिवा लागला आणि ड्रायव्हरने गाडी नेमकी तिथेच घातली. दुसरी बस यायला तीन तास. बेचाळीस माणसं, दुपारचा एक, त्यात सोमवार. बेकरीसुद्धा बंद.

“इथे बघायला काय आहे?”

“शांतता,” मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

चिवड्याचे डबे घेऊन आम्ही कालव्याच्या काठावर बसलो. सोबत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते. आयफेल टॉवर बघून ‘हं’ एवढंच म्हणाले होते. ते पाण्याजवळ उकिडवे बसले आणि एकदम मला विचारलं, “अहो, कालवा माथ्यावर आलाय. इथे पाणी आणलं कुठून?”

मग मोबाइलवर शोधाशोध सुरू. बर्गंडीचा कालवा, लांबी २४२ किलोमीटर, १८९ लॉक (म्हणजे बोटींना पाणी भरून-सोडून वर-खाली नेणारे, दरवाजे असलेले हौद), १८३२ साली पुरा झाला. पुयी हा त्याचा सगळ्यात उंच टप्पा, ३७८ मीटर. इथून एका अंगाला उतरलं की सेन नदीचं खोरं, दुसऱ्या अंगाला रोनचं. पाण्यासाठी आसपास पाँतिए, सेर्सी असे तलाव बांधलेले.

“म्हणजे फीडर!” काकांचा चेहरा असा खुलला, की जणू गाववाला भेटला.

पुढे कालवा बोगद्यात शिरतो. ३,३३३ मीटर. आत काठाने चालायला वाटच नाही, त्यामुळे तळाशी टाकलेल्या साखळीवर स्वतःला ओढत जाणारी विजेची बोट इतर बोटींना पलीकडे न्यायची. ती आता काठावर ठेवलीय, शिगेरू बान या जपानी वास्तुकाराने पुठ्ठ्याच्या नळ्यांनी उभारलेल्या मांडवाखाली.

“पुठ्ठा? आणि पावसात?” एक काकू नळीवर टिचक्या मारून बघत होत्या.

चारला बस आली. हेडकाउंट एकेचाळीस. दोनदा मोजलं, तरी तेवढेच. धावत लॉकवर गेलो, तर काका तिथल्या बाईंबरोबर दांडा फिरवत होते. बाईंना मराठी येत नव्हतं, काकांना फ्रेंच.

“काका, बस!”

“पाणी लेव्हलला येऊ द्या हो, आलोच.”