आमची वाटचाल : गरम पाणी आणि मधला डबा

दर्यापूर तालुक्यात २००९ साली आम्ही दुकान टाकलं ते मोटारी रिवाइंड करायचं. मी आणि धाकटा भाऊ, दोघंही आयटीआयचे वायरमन. पुढं गावोगावी छतावर सोलर वॉटर हीटर दिसू लागले. बसवणारे टाकी ठेवून जायचे आणि आतल्या बॅकअप हीटरच्या, म्हणजे ऊन नसलं की पाणी तापवणाऱ्या विजेच्या हीटरच्या, वायरी तशाच लोंबत सोडायचे. लोक आम्हाला बोलवायचे.

सुरुवातीला आम्ही त्या वायरी सरळ १६ अँपिअरच्या स्विचला जोडल्या. ते चुकलंच. माणूस संध्याकाळी बटण दाबून विसरतो, हीटर रात्रभर टाकी तापवत राहतो आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हाला काम उरत नाही. मग टायमर लावले. स्वस्त टायमरला आत बॅटरी नसते. तीन तास लाईन गेली, की त्याचं घड्याळ तीन तास मागं. एका आजींनी पहाटे साडेचारला बादलीत हात घातला आणि फोन केला, "बाप्पा, पाणी तं थंडगारच हाय!" टायमरवर तेव्हा दीड वाजला होता. त्यानंतर बॅटरीशिवायचा टायमर आम्ही दुकानात ठेवला नाही.

खरा धडा पुढच्या हिवाळ्यात मिळाला. नळ चार दिवस आला नव्हता, वरची टाकी कोरडी. सोलरची लाईन न्हाणीघराच्या लाईनीतूनच काढलेली आणि मध्ये एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, नाही, त्यामुळे सोलरचं पाणीही उलटं उतरून गेलं. पहाटे टायमरनं हीटर लावला आणि हीटरची कॉइल कोरडीच जळाली. थर्मोस्टॅटला पाणी किती गरम ते कळतं. पाणी आहे का, ते कळत नाही. कॉइल आम्ही आमच्या पैशानं बदलून दिली.

त्याच सुमारास गावातल्या गुरुजींच्या इंग्लंडातल्या मुलानं व्हिडिओ कॉलवर त्याच्या घरचं सेंट्रल हीटिंग, म्हणजे बॉयलरच्या गरम पाण्यानं सगळं घर ऊबदार ठेवायची सोय, दाखवलं. खोलीतला थर्मोस्टॅट आधी पाइपवरचा मोटारचा व्हॉल्व्ह उघडतो. व्हॉल्व्ह उघडला की त्याच्या आतला स्विच लागतो आणि नारिंगी वायरीतून बॉयलर-पंपाला हुकूम जातो. वाट मोकळी झाल्याशिवाय बॉयलर पेटतच नाही! आणि सगळ्या वायरी एकाच मधल्या डब्यात आलेल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता आमचाही तसा डबा असतो. वरच्या टाकीत पाणी आहे का ते सांगणारा फ्लोट स्विच, टायमर आणि थर्मोस्टॅट, तिघंही कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे हीटर चालू-बंद करणाऱ्या विजेवरच्या मोठ्या स्विचच्या, कॉइलला एकामागोमाग जोडलेले. एकानं जरी नाही म्हटलं तरी हीटर लागत नाही. २ किलोवॉटचा हीटर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेतो; तरी वायर तांब्याची ४ स्क्वेअर मिलिमीटरची आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच), यात आम्ही घासाघीस करत नाही. दोन तासांत २०० लिटर पाणी साधारण १७ अंशांनी वाढतं. ढगाळ दिवशीही आंघोळी उरकतात.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, म्हणजे जमिनीतलं पाणी खारट असलेला. बोअरच्या पाण्यानं हीटरवर पांढरा थर बसतो, म्हणून शक्य तिथं शहानूर धरणाचं नळाचं पाणीच टाकीला द्या म्हणतो. खारवट मातीत अर्थिंग छान लागतं, पण अर्थिंगचा जीआयचा (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) पाइप लवकर गंजतो. हिवाळा लागायच्या आधी भाऊ अर्थिंग तपासायला टेस्टर घेऊन प्रत्येक घरी जातो.

डब्यातल्या प्रत्येक वायरीला नंबर आणि झाकणाच्या आत मराठीत काढलेलं चित्र. आम्ही नसलो तरी गावातला पोरगा ते उघडून बघू शकतो.