मठारावर हिरवा धरला, आता वाटीचा पेच

मागच्या वेळी दाखवलेल्या तांब्याच्या थाळीवर द्रावणाने चढवलेला हिरवा रंग मेण लावायच्या फडक्यावर उतरला. सगळा नाही, फक्त मठारलेल्या, म्हणजे हातोडीने ठोकून खळगे पाडलेल्या भागावरचा. काठाची दोन बोटं सपाट पट्टी आहे तशीच, नखाने खरवडली तरी हलत नाही. पत्रा तोच (२२ गेज), द्रावण तेच, डबा तोच. मग मठाराशीच वाकडं कशामुळे?

द्रावण आपलं नेहमीचं: व्हिनेगर, मीठ, नवसागर (अमोनियम क्लोराइड), आणि नंतर बंद डब्यात अमोनियाची वाफ. पहिला संशय नवसागरावर. तो जास्त झाला की क्लोराइड आत राहतं, हवेतलं पाणी ओढत बसतं, आणि पावसाळ्यात थाळीला घाम फुटून हिरव्याची भुकटी होते. पण तसं असतं तर काठही सुटला असता. तरी नवसागर निम्म्यावर आणून मठारलेल्या तुकड्यांवर करून बघितलं. रंग फिका आला आणि तसाच झडला.

उत्तर हातोडीत निघालं. मठारायच्या हातोडीचं तोंड आरशासारखं घासलेलं असतं. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळीत कुणाचीही हातोडी हातात घेऊन बघा. तिचा ठोका तांबं दाबतो आणि घोटतोही, म्हणून तर मठाराला ती चमक. पण घोटलेल्या तांब्यावर क्षारांना धरायला जागाच नसते. काठ स्कॉच ब्राइटने खरखरीत होतो, खळग्यांच्या तळापर्यंत ते पोचत नाही.

म्हणून उरलेल्या पत्र्याची छोटी तबकडी मठारून टॉर्चखाली मंद लाल होईपर्यंत तापवली आणि पाण्यात सोडली. काळा पापुद्रा तडतडत उडाला, खाली विटकरी लाल थर राहिला. इथे तो साफ करायला हात आम्लाकडे जातो, तो आवरायचा! तो लाल थर, म्हणजे क्युप्राइट (तांब्याचा ऑक्साइड), हाच पाया. निसर्गातही क्रम हाच असतो. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ साली उभा राहिला तेव्हा तांबूस होता. आधी तपकिरी पडला, हिरवा व्हायला काही दशकं गेली. आपल्याला एवढा दम नाही, पण क्रम तरी मोडू नये. त्या लालवर द्रावणाचा स्प्रेने अगदी विरळ हात, पूर्ण वाळवून पुढचा. थेंब ओघळला की संपलं.

धरला! सेलोटेप दाबून ओढला तर टेपवर नुसती धूसर छटा. मेण लावल्यावर निळसरपणा थोडा बुडाला, हिरवा गडद झाला. मला तर तो जास्तच आवडला.

मग वाटी हातात घेतली आणि अडकलो. मठारल्याने पत्र्याला ताठपणा येतो, आणि लाल तापवला की तो सगळा जातो. भिंतीवरच्या तबकडीला चालेल. वाटीला अंगठ्याने दाबलं तरी पोचा पडेल.

तिच्यासाठी थंड उपाय बघतोय: व्हिनेगर, मीठ आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड. काही मिनिटांत खळग्याच्या तळासकट चमक मरते, ताठपणा राहतो. पकड तापवलेल्याइतकी नाही, पण मेणाचं फडकं सोसते. हे उघड्यावर करा, हातमोजे घाला. उरलेलं निळं पाणी मोरीत ओतू नका; त्यात लोखंडाचा कीस टाकून ठेवला की तांबं त्यावर बसतं. आणि अमोनियाच्या आसपास ब्लीचची बाटली नको म्हणजे नको.

सामानाबद्दल: अमोनिया प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडूनच घ्या, फरशी पुसायच्या बाटलीत दम नसतो. लिव्हर ऑफ सल्फरचे (तांबं काळपट करायच्या गंधकाच्या क्षाराचे) खडे ऑनलाइन मागवले ते पांढरे पडलेलेच, म्हणजे निकामी आले. आता त्याचं फक्त जेल घेतो. नाहीतर उकडलेलं अंडं कुस्करून डब्यात ठेवा, त्यातही गंधक असतं; तांब्याच्या चहाच्या चमच्यावर सोनेरीपासून जांभळ्यापर्यंत रंग आले. घरच्यांची नाकं वर गेली, तो भाग वेगळा.

हे लिहिता लिहिताच सुचलं: वाटी बाहेरून हिरवी आणि आतून कल्हई केली तर? चंदेरी पोट, हिरवी पाठ. खायला नाही, मोगऱ्याची फुलं ठेवायला. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणजे कल्हई आधी आणि हिरवा नंतर. उलट केलं तर भट्टीत हिरव्याचा काळा होईल. म्हणजे वाटीला टॉर्च बंदच, पेरॉक्साइडचीच वाट. पुढच्या थाळीचा बेत तोवर बाजूला.

आतली कल्हई द्रावणापासून आणि वाफेपासून झाकायला सध्या डोक्यात नेलपॉलिश आहे. पण ते काढताना ॲसिटोन काठावरून बाहेर गेला तर मेण उतरेल, म्हणून मेण शेवटी. याहून सोपं काही कुणी वापरलं असेल तर सांगा. डांबर सुचवू नका, ते घासून काढताना हिरवाही जातो.