फाटकाची नोंद ३: बटणाविना पडणारी दांडी

हे आमच्या मॉडेल रेल्वेवरचं फाटक. मागच्या नोंदीपर्यंत त्याची दांडी बटणावर हलत होती. आता गाडी जवळ आली की दिवे लुकलुकतात, दांडी पडते, मग गेट सिग्नल हिरवा होतो; शेवटचा डबा गेला की सगळं पूर्ववत. लेआउट एचओ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या १:८७, एकेरी मार्ग. मेंदू एक आर्डुइनो नॅनो (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड), दांडीला एसजी९० सर्वो (सांगू त्या कोनात फिरणारी छोटी मोटर).

आधी अंतराचा हिशोब, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. खऱ्या गाडीचा वेग ताशी ६० किमी धरला तर सेकंदाला १६.७ मीटर, भागिले ८७, म्हणजे साधारण १९.२ सेंमी. दिवे ३ सेकंद आधी, दांडी पडायला ४ सेकंद. ७ सेकंदांत गाडी १३४ सेंमी पुढे येते. पण आपल्याकडच्या इंटरलॉक फाटकावर दांडी पडून कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही. आमचा सिग्नल फाटकाच्या ४० सेंमी अलीकडे आहे, म्हणून मोजणी तिथून: १३४ अधिक ४०. सेन्सर १८० सेंमीवर बसवला. एवढी जागा नसेल तर गाडीचा वेग उतरवा. दांडी धाडकन पाडली तर खेळणंच दिसतं.

सेन्सर तीन जागी: दोन्ही बाजूंना १८० सेंमीवर ‘अ’ आणि ‘ब’, खुद्द फाटकावर ‘क’. स्लीपरमधून वर बघणारे टीसीआरटी५००० (परावर्तित इन्फ्रारेड ओळखणारे सेन्सर) काढून टाकले. त्यांचं सर्वोत्तम अंतर जेमतेम २.५ मिमी, आणि डब्याचा काळा मॅट तळ इन्फ्रारेड गिळून टाकतो. खिडकीतून ऊन आलं तर गाडी नसतानाही फाटक पडतं, ते वेगळंच. त्याऐवजी रुळाच्या एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी (२२० ओहम, सुमारे १७ मिलिअँप), दुसऱ्या बाजूला तो प्रकाश ओळखणारा फोटोट्रान्झिस्टर, १० किलोओहम पुल-अपसह (५ व्होल्टकडे जोडलेला रेझिस्टर). फोटोट्रान्झिस्टरवर १० मिमी काळी श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. एलईडी पेटलाय का ते मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात जांभळट दिसतं.

किरण रुळाला काटकोनात न ठेवता ४५ अंशांत तिरका ठेवा. डबा सुमारे ३७ मिमी रुंद, त्यामुळे तेवढी रुंदी ओलांडताना किरण रुळाच्या दिशेनेही ३७ मिमी सरकतो. दोन डब्यांमधली फट १५ ते २० मिमी. तिच्यातून तो आरपार जाऊच शकत नाही. उंची रुळाच्या माथ्यापासून १२ मिमी; खिडकीच्या उंचीवर लावला तर रिकामा सपाट वॅगन खालून निसटतो. तरीही कोडमध्ये ‘मोकळा’ हे सलग १.५ सेकंद मोकळं असल्यावरच मानायचं.

आता डोकं खाणारा भाग. ‘अ’ लागला, म्हणजे गाडीने त्याचा किरण अडवला, की फाटक बंद. ‘क’ लागून मोकळा झाला की उघड. पण गाडी लगेच ‘ब’वर जाते आणि फाटक परत पडतं! म्हणून ‘अ’कडून आलेल्या गाडीसाठी ‘ब’ एकदा लागून मोकळा होईपर्यंत त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं. गाडी ‘अ’ ओलांडून थांबली आणि मागे फिरली तर ‘क’ कधीच लागत नाही. त्यासाठी ९० सेकंदांची मर्यादा. मर्यादा संपताना आधी सिग्नल लाल, मगच दांडी वर. हे सगळं मिलिस (किती वेळ झाला ते सांगणारं फंक्शन) वापरून लिहा. डिले (प्रोग्रॅम थांबवून ठेवणारं फंक्शन) टाकला की त्या वेळात सेन्सर वाचलेच जात नाहीत.

वीज: सर्वो नॅनोच्या ५ व्होल्ट पिनवर जोडू नका. दांडी उचलताना करंटची झेप येते, व्होल्टेज बसतं, नॅनो रीसेट होतो आणि दांडी अर्ध्यात थरथरते. वेगळा ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट), सर्वोजवळ ४७० मायक्रोफॅरड कपॅसिटर, आणि दोन्हींचं ग्राउंड एकत्र. ग्राउंड विसरलं तर सर्वो मनाला येईल तसा फिरतो. हालचाल झाली की कोडमध्ये सर्वो डिटॅच करा (त्याला सिग्नल पाठवणं थांबवा), गुणगुण थांबते. दांडी हलकी हवी, नाहीतर डिटॅच केल्यावर खाली घसरते. वेगासाठी दर ५० मिलिसेकंदांना १ अंश, ८० अंशांना बरोबर ४ सेकंद.

पिनांचे दोन सापळे. सर्वो लायब्ररी घेतली की ९ आणि १० वर पीडब्ल्यूएम (उजेड कमी-जास्त करणारे झटपट स्पंद) बंद, त्यामुळे दिवे हळूहळू उजळवायचे असतील तर ते ३, ५, ६ किंवा ११ वर घ्या. ए६ आणि ए७ फक्त ॲनालॉग वाचतात.

दिव्यांना ३३० ओहम लावला तर ३ मिमीचा लाल एलईडी या मापात सर्चलाइट वाटतो. १ किलोओहम पुरे.

राहिलं काय: हूटर. डीएफप्लेअर मिनी (छोटा एमपी३ प्लेअर बोर्ड) जोडलाय, त्याच्या आरएक्स पिनला (जिथे तो आज्ञा घेतो) १ किलोओहम टाकल्यावर खरखर कमी झाली. दांडी पडायच्या आधीचे ३ सेकंद तो वाजवायचा आहे, आणि ‘ब’ बाजूचा सेन्सर अजून बोगद्याच्या तोंडाशी अडलाय.