सिस्टरचा इंटरव्ह्यू केबिनमध्ये नको, बेडजवळ घ्या

आमच्या छोट्या हॉस्पिटलात नवीन सिस्टर घ्यायच्या असल्या की मेट्रनबाईंबरोबर मी बसते, आणि "स्वतःबद्दल सांगा", "नर्सिंगच का निवडलं" असल्या प्रश्नांतून काही म्हणजे काही कळत नाही हे माझं आता पक्कं मत आहे. नाशिकला मुली येतात सुरगाणा, पेठ, कळवणकडून, कुणी दोन वर्षांचा एएनएम हा नर्सिंगचा कोर्स केलेला, कुणी तीन वर्षांचा मोठा, जीएनएम, कितीतरी जणी घरात पहिल्यांदाच शिकलेल्या, एसी केबिनमध्ये समोर तीन माणसं बघून त्यांचा आवाजच फुटत नाही, आणि जी फाडफाड बोलते तिचा हात चांगला असेलच असं नाही ना.

म्हणून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे का तेवढं बघायचं आणि सरळ वॉर्डात न्यायचं.

माझा सगळ्यात जास्त भरवसा इन्सुलिनवर. ४० युनिटची (म्हणजे एका एमएलमध्ये ४० युनिट) व्हायल ठेवते, शेजारी दोन सिरींज, एक लाल टोपणाची एक केशरी, आणि म्हणते २० युनिट भरा. लाल ४० साठी, केशरी १०० साठी. केशरीत २० च्या रेघेपर्यंत भरलं तर पेशंटला ८ च युनिट जाणार, आणि उलटं झालं, म्हणजे १०० ची व्हायल अन् लाल सिरींज, तर २० च्या जागी ५० ! शुगर धाडकन खाली येते, माणूस जाऊ शकतो यात. मागच्या वेळी एक मुलगी आली होती, नाव सांगतानाही अडखळत होती, तिने व्हायल उचलून उजेडाकडे धरली, लेबल वाचलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, ही एक्स्पायर झालीय." (मुद्दाम तशीच ठेवलेली असते, वेगळी, कुलपात.) मग केशरी सिरींज बाजूला सारून विचारलं, "आत्ताची शुगर किती आहे? आणि पेशंट जेवणार आहे ना लगेच?" हे तिला कुणीच विचारायला सांगितलं नव्हतं. आम्ही तिला घेतलं, आज आयसीयूत नाईट एकटीने सांभाळते.

मग सलाईन. ५०० एमएल ८ तासांत, २० थेंबांचा सेट (म्हणजे २० थेंबांचा एक एमएल), म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. कागद-पेन देते, तोंडी हिशोबाचा हट्ट नाही, पण नंतर घड्याळाकडे बघून थेंब मोजते का ते बघायचं, नुसतं अंदाजाने नळीवरचं चाक फिरवणारी मला नको. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायला हात गेला की तिथेच थांबवते, ती सुई सरळ पांढऱ्या डब्यात गेली पाहिजे, टोचली तर हिपॅटायटीस बी चा धोका तिलाच आहे.

आमच्या वॉर्डातल्या मावशी पेशंट होऊन झोपतात आणि मुद्दाम अहिराणीत बोलतात. मुलगी नाव विचारते का, पडदा ओढते का, न कळल्यावर परत विचारते का नुसती मान हलवते, पाच मिनिटांत सगळं दिसतं.

आणि एक, आपणही त्यांच्याशी सरळ वागायचं. पगार किती, नाईट किती, रात्री सुटल्यावर द्वारका चौकातून रूमवर जायची काय सोय, हे त्याच दिवशी सांगा. काही ठिकाणी मुली सोडून जाऊ नयेत म्हणून ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेतात, मला भयंकर चीड येते याची. झेरॉक्स घ्या, ओरिजिनल लगेच तिच्या हातात परत द्या.