डिव्हायडरमधला कट

नवी मुंबईतल्या ठाणे-बेलापूर रोडवर पायी चालणारा माणूस कुठून कुठे निघालाय हे कळायला नकाशा पुरतो. पश्चिमेला ट्रान्स-हार्बरची रेल्वेलाइन, तिच्या पलीकडे ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे. पूर्वेला टीटीसी ही एमआयडीसीची औद्योगिक वसाहत आणि तिच्या पाठीशी पारसिकचा डोंगर. मधून हा रस्ता. इथले कारखाने जुने, लोकल मात्र २००४ साली आली. त्याआधी बसने किंवा कंपनीच्या गाडीने थेट गेटवर उतरणारा कामगार लोकल आल्यापासून स्टेशनवर उतरू लागला, आणि रस्ता ओलांडणं हा त्याच्या रोजच्या नोकरीचा भाग झाला.

मी वाहतूक अभियंता आहे. एका छोट्या सल्लागार फर्ममध्ये रस्त्यांच्या सुरक्षेची तपासणी करते. रबाळे आणि महापे यांच्या दरम्यानच्या एका ठिकाणाचं काम आमच्याकडे आलं होतं. नेमकी जागा सांगत नाही, कारण तिथे ज्यांची माणसं गेली ती कुटुंबं जवळच राहतात. कामाच्या पत्रात प्रश्न आणि उत्तर दोन्ही लिहून आले होते: पादचारी पूल असूनही लोक डिव्हायडरमधल्या कटमधून रस्ता ओलांडतात, सबब कट बंद करून दुभाजकावर लोखंडी जाळी बसवावी. आम्ही जाळीची लांबी आणि उंची सांगायची, एवढीच अपेक्षा होती.

जाळीच्या आधी मी एक पूर्ण दिवस मोजणीसाठी मागून घेतला. कारण पोलिसांकडच्या नोंदी आराखड्यावर मांडल्या तेव्हा एक गोष्ट खटकली होती. अपघातांचे जवळजवळ सगळे ठिपके रस्त्याच्या एकाच अर्ध्या भागात पडले होते, ठाण्याहून बेलापूरकडे जाणाऱ्या. दुसऱ्या अर्ध्यात गाड्या तेवढ्याच, वेग तोच, माणसंही तीच. लोक नुसते बेफिकीर असते तर ठिपके दोन्हीकडे पडायला हवे होते. शिवाय हे सगळे अलीकडचे होते. कट तर कित्येक वर्षं तिथेच आहे.

सकाळी पहिल्या शिफ्टच्या आधी आम्ही पोचलो. पॉलिटेक्निकची मुलं टॅली शीट घेऊन चार जागी उभी केली: पुलाच्या दोन्ही तोंडांशी, कटपाशी आणि बस स्टॉपवर. स्टेशनला लोकल लागली की गर्दीचा एक लोंढा बाहेर यायचा आणि बहुतेक सगळा कटकडे वळायचा. पुलावर नोंद करणाऱ्या मुलाचं सकाळभरात एक पान भरलं. कटवरच्या मुलीला शीट पुरेनात, तेव्हा ती मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारू लागली.

पूल का टाळतात, याचा हिशोब अवघड नाही. रस्त्याच्या वर साडेपाच मीटर मोकळी उंची सोडावी लागते, त्यावर तुळईची जाडी आली. पंधरा सेंटिमीटरची पायरी धरली तर चाळीसच्या आसपास पायऱ्या चढायच्या आणि तितक्याच उतरायच्या. शिवाय जिना लोकांच्या वाटेत नव्हता, जागा मिळाली तिथे, बराच बाजूला उभा होता. खालून ओलांडायला लागतं अर्धं मिनिट, वरून तीन ते चार. दहा तास उभं राहून काम करायचं आहे, गुडघे दुखतात, हातात डबा नि पाण्याची बाटली आहे, अशा माणसाला आपण रोज दोनदा हे करायला सांगतो आणि त्याने नाकारलं की त्याला बेशिस्त म्हणतो. मला हे पटत नाही, पूर्वीही पटत नव्हतं. रस्ता सपाट ओलांडण्याचा पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा असायला हवा आणि चढ-उतार इंजिन असलेल्याने करावा.

कटमध्ये, दुभाजकाच्या अरुंद कट्ट्यावर, एक मावशी उभ्या होत्या. एका कंपनीत हाउसकीपिंगला आहेत, मूळच्या बीडकडच्या. अंगावर कंपनीचा निळा कोट, पायात स्लीपर. पहिला अर्धा रस्ता त्यांनी सहज ओलांडला होता. दुसऱ्या अर्ध्यासाठी मात्र त्या थांबल्या, पुढे झाल्या, मागे आल्या, परत थांबल्या. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"मावशी, पुलावरनं का नाही जात?"

"गेटवर अंगठा लावायला पाच मिन्टं उशीर झाला की अर्धा दिवस कापत्यात, बाई. आन् पयलं इथं काय भ्याव नव्हतं. त्या तिकडच्या सिग्नलला टँकर आत वळायला लागलं की हिकडं समदं मोकळं व्हायचं. म्हाताऱ्या माणसानं बी जावं निवांत. आता मोकळं हुतच नाही. बाजूनं एक-एक येतच ऱ्हातंय."

मी त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं. मग वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं.

कटपासून ठाण्याच्या बाजूला साधारण दोनशे मीटरवर सिग्नल आहे. एमआयडीसीतला रस्ता तिथे येऊन मिळतो. त्या सिग्नलचे तीन टप्पे. पहिल्यात मुख्य रस्ता सरळ सुटतो. दुसऱ्यात बेलापूरकडून आलेल्या गाड्या उजवीकडे, एमआयडीसीत वळतात. तिसऱ्यात एमआयडीसीतून बाहेर येणारे सुटतात. आता दुसऱ्या टप्प्याकडे बघा. ठाण्याहून येणारे थांबलेले असतात आणि एमआयडीसीतले अजून सुटलेले नसतात. म्हणजे त्या काळात बेलापूरकडे एकही गाडी निघत नाही. ही मोकळी जागा रस्त्यावरून पुढे सरकत चौदा-पंधरा सेकंदांनी कटपाशी पोचते. मावशी ज्याला 'समदं मोकळं' म्हणत होत्या ते हेच. टँकर वळताना दिसले की आता आपली वेळ, हे त्यांनी आणि त्यांच्यासारख्या कित्येकांनी नुसतं बघून शिकून घेतलं होतं. तिथे दिवा नव्हता, झेब्रा पुसला गेला होता, तरी लोक सिग्नल पाळूनच रस्ता ओलांडत होते. फक्त तो सिग्नल दोनशे मीटर लांब होता.

मग बिघडलं काय? नाक्यावरच्या वाहतूक हवालदारांना गाठलं. त्यांनी लगेच बोट दाखवलं. एमआयडीसीतून निघणाऱ्या टेम्पोंची आणि कंपनीच्या बसची रांग आत लांबवर जात होती, म्हणून कोपरा कापून डावीकडे वळायला वेगळी पट्टी केली गेली आणि तिथे 'फ्री लेफ्ट' झाला, म्हणजे दिवा लाल असला तरी डावीकडे वळायची मुभा. रांग कमी झाली, तक्रारी थांबल्या. करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण त्या दिवसापासून दुसऱ्या टप्प्यातही डावीकडून गाड्या गळत राहिल्या, आणि गळणारी प्रत्येक गाडी पुढचा रस्ता रिकामा दिसल्यामुळे वेग घेऊनच कटपाशी येऊ लागली. लोक जुन्या सवयीने त्याच वेळी पाऊल टाकत होते. अपघाताचे ठिपके एका अर्ध्यातच का, आणि अलीकडचेच का, याचं उत्तर मिळालं.

दुपारी मुलांना जेवायला पाठवून मी आणि माझा सहकारी स्टॉपवॉच घेऊन बसलो. एका बाजूच्या तीन लेन म्हणजे साडेदहा मीटर. आपल्याकडे हिशोबात चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे पावणेनऊ सेकंद. वयस्कर माणूस किंवा कडेवर मूल असलेली बाई ०.९ ने चालते, तिला बारा सेकंद लागतात. पाऊल उचलण्याआधीचा अंदाज घ्यायला दोन-तीन सेकंद धरले की पंधरा सेकंदांची मोकळीक हवी. पन्नासच्या वेगाने येणारी गाडी तेवढ्यात दोनशेहून जास्त मीटर कापते. आम्ही फेरीमागून फेरी मोजत राहिलो. दुसऱ्या टप्प्यात सलग पंधरा सेकंद मिळणं हा अपवाद ठरत होता.

आणखी दोन गोष्टी दिसल्या. बस स्टॉप कटच्या जरा अलीकडे होता. बस उभी राहिली की तिच्या आडून माणूस बाहेर यायचा, आणि बसच्या बाजूने पुढे जाणाऱ्या गाडीला तो शेवटच्या क्षणी दिसायचा. दुसरी गोष्ट दुभाजकातल्या कण्हेरीची. छान फुललेली, पण कमरेच्या वर वाढलेली. डोंगराकडच्या वस्तीतली शाळेची पोरं याच कटमधून येतात. मी कण्हेरीमागे उकिडवी बसले आणि सहकाऱ्याला रस्त्याच्या कडेने लांबून मोबाइलवर चित्रण करायला लावलं. त्या चित्रणात मी कुठेच नाही, नुसती फुलं दिसतात. सात-आठ वर्षांचं मूल गाडीवाल्याला दिसतं ते लेनमध्ये आल्यावरच.

संध्याकाळी संयुक्त पाहणी होती. रस्त्याच्या खात्याचे कार्यकारी अभियंता, उपअभियंता, वाहतूक शाखेचे निरीक्षक. कार्यकारी अभियंता गाडीतून उतरताच म्हणाले, "मॅडम, पुलावर एवढा खर्च झालाय. लोक वापरत नाहीत, याला आम्ही काय करणार? जाळी लावली की झक मारत जातील."

मी त्यांना जाळी लावलेल्या जागी काय होतं ते सांगितलं. काही दिवसांत एखादी पट्टी वाकते, मग माणसं तिथून आडवी होऊन निघतात. कटला उभं राहायला निदान कट्टा तरी असतो, तिथे तोही नसतो. मग मोजणीची पानं पुढे ठेवली. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचा जुना निकष त्यांना पाठ होता: पादचाऱ्यांची संख्या गुणिले वाहनांच्या संख्येचा वर्ग, आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर उत्तर वीस कोटींच्या वर गेलं की नियंत्रित क्रॉसिंगचा विचार करायचा. ताशी २,००० गाड्या असतील तर ताशी ५० माणसं ओलांडली की हा आकडा गाठला जातो. आमच्या कटवर एका लोकलमागेच त्याहून जास्त माणसं येत होती. उपअभियंत्यांनी मोबाइलवर गुणाकार केला आणि तो न बोलता साहेबांना दाखवला.

"पण इथे सिग्नल टाकला तर रांग महाप्यापर्यंत जाईल," कार्यकारी अभियंता म्हणाले. त्यांची ही काळजी खरी होती. या रस्त्यावर दहा मिनिटं खोळंबा झाला तरी त्यांचा फोन वाजतो.

तेव्हा मी निरीक्षकांना एक विनंती केली. वरच्या नाक्यावर, म्हणजे दोनशे मीटरवरच्या त्या सिग्नलला, थोडा वेळ, फक्त दुसऱ्या टप्प्यात, डावीकडे वळणाऱ्यांना हाताने थांबवायचं. तिसऱ्या टप्प्यात एमआयडीसीचा दिवा हिरवा झाला की त्यांना सोडायचं. बाकी काहीच बदलायचं नाही. निरीक्षकांनी वायरलेसवर निरोप दिला. हवालदारांनी दोन बॅरिकेड ओढून डावी पट्टी अडवली.

शिफ्ट सुटली होती. एमआयडीसीच्या बाजूला कटपाशी दाटी झाली होती. वर टँकर वळू लागले, ठाण्याकडची शेवटची गाडी आमच्यासमोरून गेली आणि तिच्यामागे कुणीच आलं नाही. क्षणभर लोकही थबकले, मग सगळे एकदम निघाले. कुणी धावलं नाही. एक बाई मुलाचं बोट धरून त्याच्या चालीने चालत होती. माझ्या सहकाऱ्याने स्टॉपवॉच थांबवलं: वीस सेकंदांच्या वर. पुढच्या फेरीत पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या फेरीतही तेच. गाड्यांचा हिरवा एका सेकंदानेही कमी झाला नव्हता, त्यामुळे मुख्य रस्त्यावरची रांग होती तेवढीच राहिली.

कार्यकारी अभियंता बराच वेळ कटमध्ये उभे राहून बघत होते. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो ऐकून मला फार बरं वाटलं. "डाव्या पट्टीत किती गाड्यांना जागा लागेल?" म्हणजे ते आता जाळीचा विचार करत नव्हते, आमच्यासोबत क्रॉसिंगचा आराखडा मांडत होते.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली, असं केंद्रीय मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. साधारण पाचातला एक. ज्याने गाडी काढलीच नाही, पेट्रोल जाळलं नाही, कुणाला धोक्यात घातलं नाही, असा माणूस. म्हणून त्या रात्री अहवाल लिहिताना 'पादचाऱ्यांची बेशिस्त' हे आधीच्या पत्रातले शब्द मी कुठेच वापरले नाहीत. पहिल्या पानावर मावशींचं म्हणणं घातलं, नावाशिवाय, त्यांच्याच शब्दांत. त्यांच्या दोन वाक्यांनी आमचा सगळा तपास योग्य वाटेला लावला होता, आणि अहवालात त्याची नोंद असायलाच हवी होती.

शिफारशी मोजक्याच होत्या. फ्री लेफ्ट बंद करून डाव्या पट्टीला स्वतःचा दिवा. कटवर पादचारी सिग्नल, वरच्या नाक्याच्या दुसऱ्या टप्प्याला बांधलेला. दुभाजकातला कट्टा रुंद करून माणसं दाटीवाटी न करता थांबतील अशी जागा, रस्त्याच्या पातळीला, म्हणजे व्हीलचेअर आणि हातगाडीही जाईल. बस स्टॉप कटच्या पुढे. कण्हेर दोन्ही बाजूंना लांबवर काढून तिथे गुडघ्याखाली राहणारी झुडपं. पूल राहू दे, ज्याला हवा तो वापरेल.

कण्हेर चार दिवसांत निघाली. स्टॉप हलला, डाव्या पट्टीचा दिवाही लागला. पादचारी सिग्नलचे खांब उभे राहिलेत, पण वीजजोडणी व्हायची आहे. तोवर सकाळी आणि संध्याकाळी हवालदारच कटपाशी उभे राहून लोकांना सोडतात. अडचण एकच उरली आहे: सोमवारी सकाळी डाव्या पट्टीतली रांग एका कंपनीच्या गेटपर्यंत जाते. तिसऱ्या टप्प्याचा हिरवा चार-पाच सेकंदांनी वाढवला तर ती मावेल असा आमचा अंदाज आहे. हे सेकंद पहिल्या टप्प्यातून काढायचे. दुसऱ्याला हात लावायचा नाही, यावर कार्यकारी अभियंता आमच्याहून जास्त ठाम आहेत.