व्यसनाची गोळी मला कशाला?

मी औषधशास्त्र शिकवते. त्यामुळे ओळखीपाळखीच्या लोकांना एक सवय लागलीये: डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली की तिचा फोटो मला पाठवायचा आणि खाली नुसतं प्रश्नचिन्ह टाकायचं. अलीकडे या चिठ्ठ्यांमध्ये एक नाव सारखं दिसतं, नालट्रेक्झोन. पाठवणारी बहुतेक वेळा बाई असते (ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते असे आजार बायकांमध्येच जास्त), तिला क्रोन्स हा आतड्याच्या सुजेचा आजार असतो, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असतो, नाहीतर वर्षानुवर्षं सगळं अंग दुखत असतं. नाव टाकून तिने इंटरनेटवर शोधलेलं असतं आणि पहिल्याच ओळीला ठेच लागलेली असते: मद्य आणि ओपिऑइड यांच्या व्यसनावरचं औषध. मग विचारणा होते, "मी आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नाही. मला व्यसनाची गोळी कशाला?" एकीने तर घरातल्यांना कळू नये म्हणून पाकिटावरचं लेबलच खरवडून काढलं होतं.

तुम्हीही हेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. दोन ओळींत सांगायला गेलं की एक तर भीती वाटते, नाहीतर चमत्कार वाटतो, आणि दोन्ही चुकीचंच.

आधी गोळीचं मूळ काम. नालट्रेक्झोन 1963 साली प्रयोगशाळेत तयार झालं. मॉर्फिन, हेरॉइन, अफू यांना मिळून ओपिऑइड म्हणतात. त्यांचा परिणाम होतो तो मेंदूतल्या ओपिऑइड रिसेप्टरमधून, म्हणजे पेशीवर अशा रसायनांना बसायला असलेल्या जागेतून. नालट्रेक्झोन त्याच रिसेप्टरवर घट्ट जाऊन बसतं आणि काहीही करत नाही. रुमाल टाकून जागा अडवणाऱ्या प्रवाशासारखं. त्या जागेवर मग दुसऱ्याला बसता येत नाही. 50 मिलिग्रॅमची एक गोळी पोटात असली की साधारण दिवसभर हेरॉइन घेऊनही नशा चढत नाही. अमेरिकेत 1984 मध्ये ओपिऑइडच्या व्यसनासाठी आणि त्यानंतर दहा वर्षांनी दारूसाठी तिला मान्यता मिळाली. दारू ओपिऑइड नाही हे खरं, पण दारू पोटात गेली की मेंदू स्वतःची एंडॉर्फिनं, म्हणजे अंगचीच अफूसारखी रसायनं, सोडतो आणि पिण्यातल्या मजेचा काही भाग तिथून येतो. तो भाग कापला गेला की दुसऱ्या-तिसऱ्या पेल्याची ओढ कमी होते.

गुण किती येतो? दारूच्या बाबतीत, बारा-एक जणांनी गोळी घेतली तर त्यातला एक जण बेसुमार पिण्याकडे परत वळायचा वाचतो. ऐकायला कमी वाटतं. पण रोजच्या वापरातल्या कितीतरी औषधांचा हिशेब याहून बरा नसतो, आणि ती आपण बिनतक्रार घेतो. ओपिऑइडच्या बाबतीत मात्र गोळीची पंचाईत आहे: माणूस ती घेतच नाही. सकाळची गोळी चुकवली की काम झालं. म्हणून महिन्यातून एकदा घ्यायचं 380 मिलिग्रॅमचं इंजेक्शन आलं. त्यालाही अट आहे, सुरू करण्याआधी सात ते दहा दिवस अंगात ओपिऑइडचा अंश नको. अमेरिकेतल्या 570 जणांच्या एका अभ्यासात 28 टक्के लोकांना ती अटच पार करता आली नाही आणि इंजेक्शन सुरूच झालं नाही. ब्युप्रेनॉर्फिन या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत हा आकडा 6 टक्के होता.

आता प्रतिकारशक्तीकडे. मला यातला सगळ्यात आवडता भाग हाच, त्यामुळे थोडं सांभाळून घ्या.

ओपिऑइडचा आणि प्रतिकारशक्तीचा संबंध काल-परवाचा नाही. 1898 मध्ये इऑन कांटाकुझिनो या रुमानियन शास्त्रज्ञाने दाखवलं होतं की गिनीपिगला अफूचा डोस दिला की जंतू गिळणाऱ्या पेशी ढिम्म होतात. हे का होतं, ते कळायला पुढची पाऊणशे वर्षं गेली. 1973 मध्ये अमेरिकेत ओपिऑइड रिसेप्टर सापडले. 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून एन्केफॅलिन वेगळी केली, म्हणजे शरीर स्वतःच ओपिऑइड बनवतं हे सिद्ध झालं. आणि 1979 मध्ये ब्रुसेल्सच्या जोसेफ वायब्रान यांच्या गटाला माणसाच्या रक्तातल्या टी-पेशींवरही, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींवरही, अशा रिसेप्टरच्या खुणा मिळाल्या. पुढे जर्मनीत ख्रिस्टॉफ श्टाइन यांनी दाखवलं की शरीरात जिथे सूज येते तिथे धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी सोबत एंडॉर्फिन घेऊन जातात आणि जागेवरच वेदना कमी करतात.

म्हणजे ज्या रिसेप्टरसाठी हे औषध बनवलं, ते मेंदूच्या मालकीचे कधीच नव्हते. व्यसन आपल्याला आधी दिसलं, म्हणून औषधावर ते नाव चिकटलं, इतकंच. पाकिटावरचा मजकूर म्हणजे औषधाचा इतिहास. तुमच्याबद्दल तो काही सांगत नाही.

मग तुमच्यासारख्यांच्या चिठ्ठीवर डोस इतका कमी का? 50 ऐवजी 4.5 मिलिग्रॅम, कधी 1.5 पासून सुरुवात. याची गोष्ट उंदरांपासून सुरू होते. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठातल्या इयन झेगॉन आणि पॅट्रिशिया मॅक्लॉफलिन यांनी 1983 मध्ये गाठ असलेल्या उंदरांना नालट्रेक्झोन दिलं. मोठ्या डोसने रिसेप्टर चोवीस तास अडवले तर गाठ वेगाने वाढली. लहान डोसने चार-सहा तासच अडवले तर ती मंदावली. औषध तेच, निकाल उलटा. त्याच दशकात न्यूयॉर्कचे डॉक्टर बर्नार्ड बिहारी एड्सच्या रुग्णांना झोपताना अगदी थोडं नालट्रेक्झोन देऊ लागले. आजची रात्रीची गोळी त्यांच्याकडून आलेली आहे.

यामागचं पहिलं स्पष्टीकरण सोपं आहे. रिसेप्टर काही तास बंद राहिले की शरीराला वाटतं आपली एंडॉर्फिनं कमी पडताहेत, ते जास्त बनवतं. तोवर औषध उतरतं आणि उरलेला दिवस त्या वाढीव एंडॉर्फिनचा फायदा मिळतो. ऐकायला छान आहे, पण रुग्णांमध्ये हे नेमकं असंच घडतं याचा पुरावा तुटपुंजा आहे.

दुसरं स्पष्टीकरण जास्त रंजक. आपल्या पेशींवर टीएलआर-4 नावाचा रिसेप्टर असतो. जंतूंच्या कवचाचे तुकडे ओळखून धोक्याची घंटा वाजवणं हे त्याचं काम. मेंदूतल्या मायक्रोग्लिया या पहारेकरी पेशींवरही तो असतो. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या लिंडा वॉटकिन्स आणि मार्क हचिन्सन यांच्या गटाने सांगितलं की मॉर्फिन हीही घंटा वाजवतं आणि नालट्रेक्झोन आणि त्याचंच भावंड नॅलोक्सोन ती थांबवतात. हे तपासलं कसं, ते पाहण्यासारखं आहे. कित्येक रेणूंची डावी आणि उजवी अशी दोन रूपं असतात, एकमेकांची आरशातली प्रतिमा. ओपिऑइड रिसेप्टर यातलं फक्त डावं रूप ओळखतो. टीएलआर-4 असा भेदभाव करत नाही. म्हणून त्यांनी उजवं नॅलोक्सोन वापरलं. ओपिऑइड रिसेप्टरला त्याचा पत्ताच नव्हता, तरी उंदरांची नसांची वेदना कमी झाली. आणि पुढच्या प्रयोगांत उंदरांची मॉर्फिनची ओढही कमी झाली. म्हणजे व्यसन लागण्यातच प्रतिकारशक्तीचा थोडा हात असावा!

हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं सरसावून बसतात. पुढचं वाक्य सांगितलं की मागे टेकतात: सगळ्या प्रयोगशाळांना हा परिणाम दिसलेला नाही, आणि पेशींवर काम करायला जितकं औषध लागतं तितकं 4.5 मिलिग्रॅमच्या गोळीतून रक्तात पोचत नाही. त्यामुळे "सूज कमी होते कारण टीएलआर-4 बंद होतो" असं कोणी ठासून सांगितलं, तर तो सिद्ध न झालेली गोष्ट सिद्ध झाल्यासारखी सांगतोय.

रुग्णांवरच्या अभ्यासांचं काय? क्रोन्समध्ये चित्र सगळ्यात आशादायक आहे. 2011 मध्ये जिल स्मिथ यांच्या गटाने 40 प्रौढांवर बारा आठवड्यांचा अभ्यास केला. 4.5 मिलिग्रॅम घेणाऱ्या 88 टक्क्यांची लक्षणं ठरलेल्या मापाने कमी झाली, नुसतं प्लासिबो (औषध नसलेली खोटी गोळी) घेणाऱ्यांत 40 टक्क्यांची. दुर्बिणीतून आतडं पाहिलं तरी फरक दिसला: 78 टक्के विरुद्ध 28 टक्के. पण आजार पूर्ण शांत होण्याच्या निकषावर तफावत अशी ठामपणे दिसली नाही, आणि कितीही झालं तरी माणसं चाळीसच. सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या आढाव्यानेही 2018 मध्ये पुरावा अपुरा असाच शेरा मारला.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (मेंदू आणि मज्जारज्जूचा ऑटोइम्यून आजार) 2010 साली दोन अभ्यास आले. एकात मन थोडं हलकं झालं, शरीराच्या तक्रारी होत्या तिथेच राहिल्या; इराणमधल्या 96 जणांच्या अभ्यासात काहीच फरक नाही. फायब्रोमायाल्जियात (सगळं अंग दुखण्याचा आजार; हा ऑटोइम्यून नव्हे, पण प्रश्न विचारणाऱ्यांत या बायका खूप असतात) 2013 मध्ये जॅरेड यंगर यांनी 31 बायकांवर पाहिलं, वेदना 28.8 टक्क्यांनी उतरली, प्लासिबोवर 18 टक्क्यांनी. आनंद झाला. मग 2024 मध्ये डेन्मार्कमधून 99 बायकांचा, 6 मिलिग्रॅमचा, अधिक काटेकोर अभ्यास आला आणि वेदनेत म्हणावा असा फरक निघाला नाही. छोट्या अभ्यासात चमकलेलं औषध मोठ्या अभ्यासात फिकं पडतं, हे आमच्या क्षेत्रात नेहमीचं.

नॉर्वेत तर वेगळीच गंमत झाली. 2013 मध्ये टीव्हीवर या औषधाबद्दल एक माहितीपट लागला आणि जे औषध जवळपास कोणी घेत नव्हतं, ते बघता बघता दहा हजारांहून जास्त लोकांनी सुरू केलं. देशातल्या प्रत्येक चिठ्ठीची नोंद होत असल्यामुळे संशोधकांना आयता अभ्यासच मिळाला. रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या ज्या रुग्णांनी गोळी नेटाने चालू ठेवली, त्यांची बाकीची औषधं 13 टक्क्यांनी घटली. हा आकडा मला लोक नेहमी ऐकवतात. त्यातली मेख अशी की गोळी नेटाने चालू कोण ठेवतं? ज्याला बरं वाटतंय तोच.

मोठा अभ्यास कोणी का करत नाही, हा पुढचा प्रश्न ठरलेला. पेटंट कधीच संपलंय, गोळी स्वस्त आहे, आणि मोठ्या अभ्यासाला लागणारा पैसा वसूल होण्याची शक्यता शून्य. मला याचा राग येतो. एरवी कंपन्यांवर हवा तितका संशय घ्या, पण इथे अडचण त्यांच्या लबाडीपेक्षा त्यांच्या निरुत्साहाची आहे, आणि ती भरून काढायला सरकारी पैसाच हवा.

याच कारणाने 4.5 मिलिग्रॅमची तयार गोळी सहसा मिळतच नाही. मग लोक 50 ची आणून ब्लेडने कापतात. असा एक फोटो मला आला होता: वर्तमानपत्राच्या कागदावर अकरा ढिगल्या, एक मटाराएवढी, एक राईएवढी, आणि बरीचशी भुकटी ब्लेडला चिकटलेली. असं करू नका. औषध बनवून देणारा फार्मासिस्ट भुकटी तोलतो, निष्क्रिय पूड घालून घोटतो आणि कॅप्सूल भरतो. तेव्हा कुठे रोजचा डोस सारखा राहतो. वर नालट्रेक्झोन चवीला कडूजहर आहे.

व्यसनाच्या औषधाकडून प्रतिकारशक्तीच्या आजारांकडे जाणारा हा रस्ता एकेरी नाही, हेही सांगायला हवं. इबुडिलास्ट हे जपानमध्ये दम्यासाठी दिलं जाणारं जुनं औषध. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या 255 रुग्णांवर 96 आठवडे वापरलं, तर मेंदू आक्रसण्याचा वेग 48 टक्क्यांनी कमी झाला. मेंदूतली सूज कमी करणारं औषध म्हणून तेच पुढे व्यसनांवर तपासलं गेलं. मेथ (मेथॅम्फेटामाइन) या नशेच्या व्यसनात प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही, दारूवरही तपासलं गेलं. कोकेनविरुद्धची लस हा आणखी एक प्रयत्न: प्रतिपिंडांनी कोकेनला रक्तातच पकडायचं, मेंदूत जाऊ द्यायचं नाही. कल्पना झकास, पण 2009 च्या अभ्यासात पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली ती जेमतेम 38 टक्के लोकांत.

"मग घेऊ का?" यावर माझं उत्तर असं. डॉक्टरांनी विचार करून दिली असेल तर घ्या, पण चालू असलेलं औषध हिच्या भरवशावर बंद करू नका. क्रोन्समध्ये आतडं आतून खराब होत राहतं आणि बाहेर बरं वाटत असतं. तिथे हा जुगार महागात पडतो. सुरुवातीला चित्रविचित्र, फार स्पष्ट स्वप्नं पडतात, झोप मोडते; तसं झालं तर गोळी सकाळी घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि एक गोष्ट खरोखर घातक आहे: ट्रामाडॉल, कोडीन, मॉर्फिन यांच्याबरोबर ही गोळी चालत नाही. वेदनेसाठी यातलं काही रोज घेत असाल आणि वर नालट्रेक्झोन घेतलंत, तर घाम, उलट्या, जुलाब, तडफड, सगळं तासाभरात सुरू होईल. खोकल्याच्या काही औषधांतही कोडीन असतं, बाटली वाचून घ्या. ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा, दाताच्या डॉक्टरांनाही सांगा.

तीन-चार महिने घेऊन बघा, रोज रात्री दोन शब्द वहीत लिहा. तेवढ्यात काही फरक नसेल तर डॉक्टरांना विचारून थांबवा. हळूहळू कमी करत आणावी लागत नाही. नालट्रेक्झोनची सवय लागत नाही.