मिटलेल्या ओठांचे संवाद

चित्रपट महोत्सवांत सबटायटल चालवणं हे माझं काम. ज्या प्रिंटवर इंग्रजी ओळी नसतात, त्यांच्या ओळी पडद्याखालच्या पट्टीवर वेगळ्या प्रोजेक्टरने टाकायच्या. लॅपटॉपवर यादी तयार असते. मी स्पेसबार दाबत जाते. भाषा जेमतेम कळली तरी निभावतं, कारण खरी भिस्त नटांच्या ओठांवर. तोंड उघडलं की दाबायचं.

त्या दिवशी फ्रेंच दिग्दर्शिका मार्गरित द्युरासचा, कलकत्त्यात घडणारा 'इंडिया साँग' (१९७५) होता आणि त्यात कुणी तोंडच उघडत नाही. नायिका देल्फिन सेरिग नाचते, निश्चल पडून राहते. तिचे संवाद येतात, ओठ मिटलेले. शिवाय कधीच न दिसणाऱ्या बायकांचे आवाज, मेजवानीतली कुजबूज, भिकारणीचं लाओशियन गाणं. हे सगळं एकमेकांवर चढलेलं.

म्हणून पडद्याकडे बघायचंच सोडलं. हेडफोन लावला आणि खुणा कानाने बांधल्या: पियानो थांबला की ही ओळ, भिकारीण हसली की ती. व्हाइस-कॉन्सलच्या, म्हणजे उपवाणिज्यदूताच्या भूमिकेतला मायकेल लाँसडेल मेजवानीतून हाकलला जातो आणि बाहेर कितीतरी वेळ आक्रोश करत राहतो. तिथे माझं बोट नुसतंच वर राहिलं. आक्रोशाला सबटायटल काय लावणार?

द्युरासबाई मुळातल्या लेखिका. १९१४ साली सायगावजवळ जन्म, १९५० सालच्या कादंबरीने नाव, १९५९ मध्ये दिग्दर्शक अलँ रेनेसाठी 'हिरोशिमा मॉन आमूर'ची पटकथा. स्वतः दिग्दर्शनाला हात घातला तेव्हा पन्नाशी उलटली होती. माझ्या मते कॅमेऱ्यामागे जाऊनही त्यांनी शब्दांची गादी चित्राला दिली नाही. १९७७ च्या 'ल कामियाँ'त तर त्या स्वतः जेरार दपार्द्यूसोबत टेबलाशी बसून पटकथाच वाचतात. फ्रान्सचा मानाचा साहित्य पुरस्कार गोंकूर मात्र १९८४ मध्ये कादंबरीलाच मिळाला, 'लामाँ'ला.

खेळानंतर एका बंगाली गृहस्थांनी विचारलं, हे कलकत्त्यात नेमकं कुठे? म्हटलं, कुठेच नाही, सगळं चित्रीकरण फ्रान्समधलं. वाडा पॅरिसच्या वेशीवरच्या बुलोनमधला, रॉथशिल्ड घराण्याचा. ते जरा खट्टूच झाले.

संध्याकाळी १९७६ चा जोड-सिनेमा. त्यात द्युरासनी 'इंडिया साँग'चाच ध्वनिपट घेऊन त्याखाली त्याच वाड्याचे पडके भाग दाखवलेत: पोपडे सुटलेल्या भिंती, फुटक्या काचा. माणसं जवळजवळ नाहीतच. मी सकाळचीच यादी उघडली. कानाने बांधलेल्या खुणा तशाच लागू पडल्या, आणि या खेपेला पडद्याकडे बघायला सवड मिळाली. लाँसडेलचा तो आक्रोश रिकाम्या वाड्यावर ऐकताना सकाळपेक्षा जास्त अंगावर आला.

हिशेबाच्या वेळी आयोजक म्हणाले, "मॅडम, यादी तर एकच होती, मग मानधन दोन खेळांचं कसं?"

"बाईंनी एका ध्वनिपटावर दोन सिनेमे काढले, तुम्ही दोन्हींची तिकिटं विकलीत. बोट तेवढं माझं फुकट?"

दोन्हींचं मिळालं. टीडीएस कापून.